आधी ओळख, मग निवाडा



गेल्या दिवाळीत मी सायखेड्याला माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले हे गोदाकाठचे गाव. समोरच्या तीरावर चांदोरी, आजूबाजूला द्राक्षांचे मळे, आणि नदीच्या खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. त्या जलाशयावर दर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरतात. फराळाचे ताट पुढे येण्यापूर्वीच त्या घरातला एक खटला माझ्यापुढे आला. मी विज्ञानाचा शिक्षक, तेव्हा निवाडा मीच करावा असे सर्वांचे मत पडले.

खटला असा होता. भावाची मुलगी नववीत शिकते. तिने बजरीगर पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. पिंजऱ्यात बसायला नैसर्गिक दांडी असावी म्हणून तिने परसातल्या झाडाची बोटभर जाडीची फांदी तोडून आत बांधली. पक्षी खूश झाले, त्यांनी चोचीने साल सोलायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांतला एक पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला आढळला. भावाचे म्हणणे, झाड विषारी आहे, भाऊबीज झाली की माणूस बोलावून तोडून टाकू. माझ्या मावशीचे म्हणणे, "अरे, लिंबाचे झाड आहे ते. लिंब कुठे विषारी असतो का? आपण पाडव्याला खातो की!" मुलगी मात्र दोघांचेही ऐकत नव्हती. तिने मला एकच विचारले, "काका, हे झाड नक्की कोणते आहे?"

त्या घरात विचारला गेलेला हा एकच प्रश्न शास्त्रीय होता. आणि त्याचे उत्तर मी चुकीचे दिले! ओसरीवरूनच परसाकडे नजर टाकली, करवती काठाची बारीक पाने पाहिली आणि म्हणालो, "लिंबच आहे." पंचवीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाने पंधरा-वीस फुटांवरून, जागचे न उठता केलेली ही ओळख. मुलीचे समाधान झाले नाही. ती उठली, एक डहाळी घेऊन आली आणि म्हणाली, "पण काका, आमच्या शाळेजवळच्या लिंबाचे पान असे नाही. हे पुन्हा फुटते."

'पुन्हा फुटते' हे तिचे शब्द तुम्ही लक्षात ठेवा. या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे.

पान कशाला म्हणायचे, हेच आपल्यापैकी पुष्कळांना नीट ठाऊक नसते. लिंबाच्या डहाळीवर जी छोटी, कोयत्यासारखी वाकडी पाती दिसतात, ती एकेक पाती म्हणजे पान नव्हे. ती पर्णिका. अशा अनेक पर्णिका एका मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंना बसतात आणि ते सगळे मिळून एक पान होते. त्याला संयुक्त पर्ण म्हणतात. हे ओळखायचे कसे? पान जिथे फांदीला चिकटते तिथे, त्याच्या बगलेत, एक बारीक कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. म्हणजे कळी शोधत गेलात की पान कोठे सुरू होते ते आपोआप सापडते. भिंग असेल तर उत्तम, नसले तरी डोळे पुरतात.

आता कडुनिंबाचे पान घेतले तर मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंना थेट पर्णिका लागलेल्या दिसतात. एकदाच विभागलेले पान. मुलीने आणलेल्या डहाळीवर मात्र मधल्या शिरेला बाजूच्या शिरा फुटल्या होत्या आणि पर्णिका त्या बाजूच्या शिरांवर होत्या. खालच्या भागात तर त्या बाजूच्या शिरांनाही आणखी फाटे होते. दोनदा, क्वचित तीनदा विभागलेले पान. कडुनिंबात असे कधी होत नाही. मग मी उठून परसात गेलो आणि मान वर केली. झाडाच्या शेंड्याकडे देठांवर हिरवट-पिवळ्या, गोल गोळ्यांचे घोस लोंबत होते. कार्तिक महिन्यात लिंबोळ्या? लिंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला पिकतात आणि गळून जातात. शिवाय लिंबोळी लांबट असते, ही फळे वाटोळी होती. ओसरीवरून उठून वीस पावले चाललो असतो, तर हसे झाले नसते.

ते झाड बकाण निंबाचे होते. काही लोक त्याला बकाणा किंवा महानिंबही म्हणतात. शास्त्रीय नाव मेलिया ॲझेडारॅक.

बकाणाचाच एक मोठा भाऊबंद आहे. त्याला मलबार निंब म्हणतात आणि लाकडासाठी अलीकडे त्याची शेतातून लागवड होते. त्याचेही पान असेच पुन्हा फुटते. पण तो उंच व सरळसोट वाढतो, त्याची फळे चांगली मोठ्या बोराएवढी आणि लांबट असतात. आमच्या झाडाचे फळ मुलीने पट्टीने मोजले. ते दीड सेंटिमीटरही भरले नाही. म्हणून बकाण.

कडुनिंब आणि बकाण यांची गल्लत करणारे आपण पहिलेच नाही, हे सांगितले म्हणजे तुम्हाला थोडा धीर येईल. दोन्ही झाडे एकाच कुळातली. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे देणारा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने या दोन्ही झाडांना मेलिया याच प्रजातीत घातले. एकाचे नाव मेलिया ॲझेडारॅक, दुसऱ्याचे मेलिया अझाडिराक्टा. दोन्ही नावे 'आझाद दरख्त' या एकाच फार्सी नावावरून आलेली! पुढे १८३० साली द ज्युसिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने कडुनिंबाला वेगळ्या प्रजातीत नेले आणि तो अझाडिराक्टा इंडिका झाला. दोन नावे वाचताना आजही जीभ अडखळते, पण झाडे दोन आहेत.

आपल्या बोलीतला गोंधळ तर याहून मोठा आहे. नाशिक-नगरकडे नुसते 'लिंब' म्हटले की कडुनिंब. पुण्या-मुंबईच्या माणसाला तेच ऐकून सरबताचे लिंबू आठवते. कढीलिंबाचा लिंबाशी काहीच संबंध नाही, तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला. नावे प्रेमाने दिलेली असतात, शास्त्राने नव्हे, आणि त्यांत वावगे काही नाही. पण औषध करायचे, कोणाला खाऊ घालायचे किंवा झाड तोडायचे, असा प्रसंग आला की नुसत्या बोलीतल्या नावावर विसंबणे धोक्याचे होते. मुलीच्या पक्ष्यांचेच पाहा ना. गावात सगळे त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर ऑस्ट्रेलियातला, जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० साली तो जिवंत इंग्लंडात नेला आणि तिथून तो जगभर पसरला. म्हणजे त्या पिंजऱ्यात चुकीच्या नावाचा पक्षी चुकीच्या नावाच्या फांदीवर बसला होता, आणि मोठी माणसे निकाल द्यायला निघाली होती!

(जाता जाता एक गोष्ट. तुमच्या पिंजऱ्यात गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला आपला नेहमीचा हिरवा पोपट असेल, तर त्याला कोणती फांदी द्यावी हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणे गुन्हा आहे. वडील माणसे 'पूर्वी सगळेच पाळायचे' असे म्हणतील. पूर्वी पुष्कळ गोष्टी करायचे.)

आता झाडाचे नाव कळले. भाऊ लगेच म्हणाला, "बघ, मी म्हणालो नव्हतो? बकाण विषारी असतोच." इथे मला त्याला थांबवावे लागले. नाव कळल्याने खटला चालवता येतो, संपत नाही.

बकाणाची फळे विषारी असतात, ही गोष्ट खरी आहे. डुकरे, कुत्री आणि माणसांची मुलेही ती खाऊन आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. ऑस्ट्रेलियात हे झाड रानटी स्थितीत आढळते. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली फळांतली विषद्रव्ये वेगळी करून त्यांना 'मेलियाटॉक्सिन' असे नाव दिले. पण त्याचबरोबर असेही दिसून आले आहे की सगळ्या झाडांची फळे सारखी विषारी नसतात. एका झाडाची फळे घातक, तर दुसऱ्या झाडाची जवळजवळ निरुपद्रवी. मुख्य धोका फळांत आहे. मुलीने बांधलेली फांदी बिनफळांची होती आणि पक्ष्यांनी तिची फक्त साल सोलली होती. शिवाय एक साक्षीदार जिवंत होता! तीच फांदी, तितकेच दिवस, दुसऱ्या पक्ष्यानेही कुरतडली होती आणि तो माझ्यासमोर दाणे टिपत होता.

मग काय, झाड निर्दोष? तेही म्हणता येत नाही. एका पक्ष्याने जास्त साल गिळली असेल, दुसऱ्याने कमी. एक आधीच आजारी असेल. छोटे पक्षी आजार लपवतात, शेवटच्या दिवसापर्यंत पिसे फुगवून बसण्यापलीकडे काही दाखवत नाहीत. आणि ऑक्टोबरचा महिना निफाड तालुक्यात द्राक्षबागांच्या छाटणीचा असतो. छाटणीनंतर बागांवर औषधांच्या फवारण्या सुरू होतात. परसाला लागूनच शेजाऱ्यांची बाग आहे. वाऱ्यावर उडालेले तुषार त्या फांदीवर बसले नव्हते कशावरून? फांदी धुतली होती का, असे मी विचारले. धुतली नव्हती. म्हणजे आरोपी एक नसून चार होते. पक्ष्याची तपासणी केली असती तर काही कळले असते, पण त्याला त्याच सकाळी झाडाखाली पुरले होते. पुरावाच मातीत गेला. असा प्रसंग तुमच्यावर आला तर मेलेला पक्षी पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको, आणि शक्य तितक्या लवकर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

तेव्हा माझा निवाडा असा होता: झाड ओळखले, ते पक्ष्याला देण्याजोगे नाही, पण त्यानेच पक्षी मारला हे सिद्ध झालेले नाही. भावाला हा निवाडा मुळीच आवडला नाही. 'नक्की सांगता येत नाही' हे उत्तर लोकांना पळवाट वाटते. मला तर वाटते की शाळेत आपण हे उत्तर द्यायला पुरेसे शिकवतच नाही. परीक्षेत त्याला गुण नाहीत ना!

शेजारचे एक गृहस्थ ही चर्चा ऐकत होते. त्यांनी एक मुद्दा काढला आणि तो वरवर पाहता बिनतोड होता. "अहो सर, हिवाळ्यात बुलबुल या झाडावर तुटून पडतात. पक्षी खातात म्हणजे पक्ष्यांना चालते." हा मुद्दा तुम्हीही ऐकला असेल. रानात अनोळखी फळ दिसले की 'पाखरांनी टोचलेले आहे ना, मग खा' असे सांगणारी माणसे आहेत. मित्रहो, या वाक्याने मुले दवाखान्यात जाऊ शकतात.

मिरचीचे उदाहरण घ्या. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याने आपल्या जिभेची आग होते, पण पोपट मिरच्या आवडीने खातो. याचे कारण त्याची सहनशक्ती नव्हे. आपल्या मज्जातंतूंवर कॅप्सेसिन पकडणारे जे प्रथिन असते, त्याची पक्ष्यांमधली घडण वेगळी आहे. कोंबडीच्या या प्रथिनावर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. म्हणजे पक्ष्याला जे चालते ते आपल्याला चालेलच असे नाही. आता उलट टोकाचे उदाहरण. ॲव्होकॅडो हे फळ हल्ली आपल्याकडेही बाजारात दिसते. माणसे ते पौष्टिक म्हणून खातात. पण त्यातले पर्सिन नावाचे द्रव्य पक्ष्यांच्या हृदयावर आघात करते. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना ॲव्होकॅडोचा गर दिला, तेव्हा बजरीगर दगावले. आपल्याला चालते ते पक्ष्याला चालेलच असे नाही, हे त्यावरून दिसले.

आणि एका पक्ष्याला चालते ते दुसऱ्या पक्ष्याला? बुलबुल फळे गिळणारा पक्षी आहे. तो गर पचवतो आणि आठळी बाहेर टाकतो, त्यातूनच झाडाचा प्रसार होतो. बजरीगर पोपटाच्या जातीचा. त्याची चोच साल सोलण्यासाठी आणि बी फोडण्यासाठी आहे. रानातला बजरीगर मुख्यतः गवताचे बी खातो, नको ते सोडून उडून जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला उडून जाता येत नाही. दिवसभर कंटाळलेला जीव, समोर जे बांधाल ते कुरतडणार. त्याची निवड तुम्हीच करून टाकलेली असते.

त्याच्या आकाराचाही हिशेब करा. बजरीगराचे वजन सुमारे ३५ ग्रॅम. साठ किलोचा माणूस त्याच्या सतराशे पट जड. ज्या मात्रेने माणसाला नुसती मळमळ होईल, तिचा किती लहान अंश त्या पक्ष्याला पुरेल, ते कागदावर मांडून पाहा. (हा हिशेब अगदी काटेकोर नाही, कारण शरीराची रासायनिक क्रिया नुसत्या वजनाच्या प्रमाणात चालत नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे.)

पाखरांचे सोडा, मुलांचेच घ्या. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागल्या म्हणून शाळकरी मुलांनी खाल्ल्या आणि त्यांना उलट्या सुरू होऊन दवाखान्यात न्यावे लागले, अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून येत असतात. मोगली एरंड गावोगाव कुंपणाला असतो. कण्हेर आणि पिवळी बिट्टी देवळाच्या आवारात असतात आणि त्यांचे विष थेट हृदयावर काम करते. गुंजा मुलांच्या खेळात असतात. ही झाडे तोडावीत असे मी म्हणत नाही. ती कोणती आहेत हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावे, एवढेच म्हणतो. आणि खेदाची गोष्ट म्हणजे ते ठाऊक नसते.

शिक्षक बंधूभगिनींना इथे दोन शब्द स्पष्ट सांगायचे आहेत. नांदूरमध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. सहली जातात, मुले दुर्बिणीतून बदके आणि रोहित पाहतात, नावे वहीत लिहून आणतात. मग त्याच मुलांना स्वतःच्या परसातले झाड का ओळखू येऊ नये? आपण पुस्तकातून द्विबीजपत्री, संयुक्त पर्ण, पुष्पविन्यास असे शब्द शिकवतो, आकृत्या काढून घेतो, आणि शाळेच्या फाटकाजवळच्या झाडाकडे कोणाला मान वर करायला लावत नाही. मीही हेच करत आलो, म्हणून तर ओसरीवरून फसलो.

साधने नाहीत ही सबब आता चालणार नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. नाशिक जिल्ह्यातल्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९१ साली काढला. या संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यातच आहे. वाळवलेल्या, कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह मुंबईच्या सेंट झेविअर महाविद्यालयात ब्लॅटर यांच्या नावाने आहे. असा संग्रह तुमच्या शाळेत का नसावा? जुनी वर्तमानपत्रे, विटांचे वजन, आणि प्रत्येक नमुन्यासोबत तारीख, जागा व झाडाची उंची लिहिलेली चिठ्ठी. खर्च जवळजवळ शून्य.

हल्ली मोबाईलवर फोटो काढला की झाडाचे नाव सांगणारी साधने निघाली आहेत. मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण एक प्रयोग करा. एकाच झाडाचे कोवळे पान, जून पान आणि नुसते खोड असे तीन फोटो द्या, मग किती नावे मिळतात ते पाहा. यंत्र तुम्हाला एक अंदाज देते. तो खरा की खोटा हे पानाच्या बगलेतली कळी, फूल आणि फळ पाहून तुम्हीच ठरवायचे. आणि फूल-फळ पाहायला एक क्लिक पुरत नाही, ऋतू लागतो. अनोळखी झाडाची खात्रीची ओळख पटायला कधी कधी अख्खे वर्ष थांबावे लागते. तोपर्यंत त्याची फांदी पिंजऱ्यात नको, पाला शेळीला नको, आणि बुंध्यावर कुऱ्हाडही नको.

ओळख विचारायला योग्य माणसाकडे जाण्यात कमीपणा नाही. १९०८च्या सुमारास मुंबईत एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी अंदाजाने उत्तर ठोकून न देता त्याला चिठ्ठी देऊन मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे धाडले. मिलार्ड यांनी त्या मुलाला पीतकंठी चिमणीचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले खण एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. मिलार्ड पक्ष्यांइतकेच झाडांचेही दर्दी होते. ब्लॅटर यांच्या जोडीने त्यांनी भारतातल्या सुंदर वृक्षांवर लिहिलेले पुस्तक १९३७ साली निघाले. मामांनी त्या दिवशी 'चिमणीच आहे' म्हणून विषय संपवला असता, तर? मी त्या दिवाळीत 'लिंबच आहे' म्हणून संपवलाच होता की!

पुन्हा सायखेड्याच्या परसाकडे येऊ. एक प्रश्न राहिला होता. हे झाड लावले कोणी? मावशी म्हणाली, कोणीच नाही, पुरानंतर आपोआप आले. गोदावरीला २०१६ साली आणि पुन्हा २०१९ साली ऑगस्टमध्ये मोठे पूर आले, गावात पाणी शिरले. दुसऱ्या पुरानंतर परसात गाळाचा थर बसला होता आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातून हे रोप वर आले. बकाण झपाट्याने वाढतो, दोन-तीन वर्षांत फुलूही लागतो. आठळी पुराबरोबर आली असेल किंवा एखाद्या बुलबुलाने टाकली असेल. दोन्ही शक्य आहे. पण 'लिंब' म्हणून तो घरात कसा शिरला, हे मात्र स्पष्ट झाले. कोणी लावला असता तर नाव विचारून लावला असता.

मग मी भावाला काही गोष्टी सुचवल्या. झाड राहू दे, सावली चांगली आहे. फळे पडतील ती झाडून घे, म्हणजे कुत्र्याच्या आणि लहान मुलांच्या तोंडी लागणार नाहीत. पक्ष्याला दांडी हवी तर पेरूची दे, किंवा बांधावरच्या निलगिरीची. बजरीगर आपल्या मायदेशी निलगिरीच्याच ढोलीत घरटे करतो. पण फवारणी झालेल्या बागेजवळची फांदी मुळीच नको. कोणतीही असो, घासून धुऊन उन्हात वाळवून मगच बांधा. भावाने मान डोलावली. कुऱ्हाडवाल्याला निरोप गेला की नाही, हे मी विचारले नाही.

मकरसंक्रांतीनंतर मुलीचे पत्र आले. झाड उभे आहे. पाने सगळी गळली असून उघड्या फांद्यांवर पिवळ्या फळांचे घोस आहेत. तिने खाली पडलेल्या फळांतल्या आठळ्या धुऊन पाहिल्या. त्यांना उभ्या कंगोऱ्यांच्या रेषा आहेत आणि मधोमध आरपार भोक असते, सुई सहज जाते. आजीने त्यांतल्या पन्नासेक ओवून माळ केली आहे, आणि झाडाला अजून लिंबच म्हणते. उरलेला बजरीगर ठीक आहे. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, "फाल्गुन-चैत्रात फुले आली की कळवीन. जांभळट आली तर बकाण नक्की. पांढरी आली तर काका, तुम्ही दुसऱ्यांदा चुकलात."